अश्रूंचा रुमाल : अमेरिकी तुरुंगांतील ‘पान्यो’ची कहाणी

मराठ्यांच्या इतिहासात रमलेल्या माणसाला ‘रुमाल’ हा शब्द दोन अर्थांनी ठाऊक असतो. एक रुमाल खिशातला. दुसरा पुण्याच्या पेशवे दफ्तरातला. मोडी कागदांची बाडे ज्यात बांधून ठेवलेली असतात तो. दफ्तरातला रुमाल सोडला की आत पत्रे, यादी, हिशेब सापडतात. प्रस्तुत लेखात ज्या रुमालांची ओळख करून द्यायची आहे, ते खिशातले आहेत. पण वाचावे मात्र दफ्तरातल्या रुमालासारखे लागतात. फरक एवढाच, की इथे बांधणारे कापड आणि आतला मजकूर एकच आहे.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या, म्हणजे न्यू मेक्सिको, टेक्सास, कॅलिफोर्निया या राज्यांतल्या तुरुंगांत स्पॅनिश वळणाच्या घरांतले कैदी पांढऱ्या सुती हातरुमालांवर बॉलपेनने चित्रे काढतात आणि ती पाकिटात घालून घरी पाठवतात. रुमाल साधारण १५-१६ इंच चौरस, स्वस्तातला, तुरुंगातून मिळालेला किंवा तिथल्या दुकानात विकत घेतलेला. स्पॅनिशमध्ये कापडाला ‘पान्यो’ आणि रुमालाला ‘पान्युएलो’ म्हणतात. त्यावरून या चित्रांना ‘पान्यो’ आणि या कलेला ‘पान्यो आर्ते’ हे नाव पडले. कैद्यांच्या बोलीत तुरुंग म्हणजे ‘पिंता’ आणि कैदी म्हणजे ‘पिंतो’. तेव्हा ही पिंतो लोकांची कला. अभ्यासक तिचा उगम १९३० ते १९५० च्या दरम्यान धरतात.

आजच्या पान्योचे मुख्य साधन बॉलपेन आहे आणि ते अमेरिकेत सर्वसामान्य विक्रीला आले ते १९४५ च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात, साडेबारा डॉलर या चढ्या किमतीला. ते तुरुंगातल्या माणसाच्या आवाक्यात यायला आणखी काही वर्षे जावी लागली. म्हणजे पान्यो म्हणून आज जी बारीक रेघांची, निळ्या-काळ्या छटांची चित्रे ओळखली जातात, तिची घडण युद्धोत्तर काळातली. पण त्या घडणीच्या मागे जी माणसे आहेत, त्यांचा इतिहास बराच जुना आहे.

सरहद्द ज्यांच्या दारावरून गेली

न्यू मेक्सिकोतले ‘हिस्पानो’ हे स्थलांतरित नव्हेत. हुआन दे ओन्यातेच्या मोहिमेबरोबर १५९८ मध्ये स्पॅनिश वसाहतवाले रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात आले आणि पुढच्या दशकभरात सांता फे हे त्यांचे ठाणे झाले. अर्थात ती भूमी पुएब्लो लोकांची होती आणि हे वसणेही जबरदस्तीचेच होते. १८२१ मध्ये हा मुलूख स्वतंत्र मेक्सिकोचा भाग झाला. मग अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात युद्ध झाले आणि १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहाने तो अमेरिकेकडे गेला. माणसे आपापल्या गावातच राहिली. सरहद्द त्यांच्या दारावरून पुढे सरकली.

तहाने त्यांच्या मालमत्तेचे रक्षण करण्याचे वचन दिले होते. प्रत्यक्षात स्पॅनिश आणि मेक्सिकन सनदांनी गावांना मिळालेली सामाईक कुरणे आणि जंगले पुढच्या काही दशकांत वकील, सावकार, न्यायालये आणि करवसुली यांच्या हाती गेली. १८८९-९० मध्ये सान मिगेल परगण्यात ‘गोरास ब्लांकास’, म्हणजे पांढऱ्या टोप्यांचे लोक, रात्री घोड्यावरून येऊन नवी कुंपणे तोडत. १९६७ च्या जूनमध्ये तिएर्रा आमारियाच्या न्यायालयावर रेयेस लोपेस तिहेरिनाच्या माणसांनी हल्ला चढवला, त्याचेही मूळ याच जमिनींच्या प्रश्नात होते. जमीन गेली तशी तरुण पिढी खाणी, रेल्वे, सैन्य आणि आल्बुकर्कीसारख्या शहरांकडे वळली. काही लॉस एंजेलिसला गेले. तिथे १९४३ मध्ये झोळदार सूट घालणाऱ्या ‘पाचुको’ तरुणांना रस्त्यावर गाठून अमेरिकी नाविकांनी मारहाण केली, त्यांचे कपडे फाडले. शहरात स्पॅनिश आडनावाचा तरुण दिसला की पोलिसांच्या डोळ्यांवर येऊ लागला. गुन्हेगारी होती, टोळ्या होत्या, हेरॉइन होते. आणि त्या सगळ्याच्या शेवटी तुरुंग होता. पान्यो हे याच प्रवासातले अपत्य आहे.

कापडावर उमटलेली प्रतिमा

कैद्याला कागदही मिळतो. मग कापडच का? याचे व्यवहारी उत्तर सोपे आहे. रुमाल स्वस्त असतो, घडी घालून साध्या पाकिटात मावतो, घामाने किंवा हाताळण्याने कागदासारखा लवकर फाटत नाही. परंतु हिस्पानो घरांत कापडावरच्या प्रतिमेला त्याहून मोठे वजन आहे.

मेक्सिकोची आणि न्यू मेक्सिकोची सर्वांत लाडकी प्रतिमा म्हणजे ग्वादालुपेची माता. श्रद्धा अशी, की १५३१ मध्ये हुआन दिएगो या आदिवासी माणसाला तिने दर्शन दिले आणि त्याच्या ‘तिल्मा’वर, म्हणजे खांद्यावरच्या जाड्याभरड्या पांघरुणावर, तिची छबी आपोआप उमटली. दुसरी कथा वेरोनिकाची. क्रूस वाहून नेणाऱ्या येशूचा घामाने आणि रक्ताने माखलेला चेहरा तिने कापडाने पुसला आणि तो चेहरा त्या कापडावर राहिला. काट्यांचा मुकुट घातलेला ख्रिस्ताचा चेहरा आणि ग्वादालुपेची माता या दोन प्रतिमा पान्योंवर पुन्हा पुन्हा येतात, आणि त्या दोन्ही मुळातच कापडावरच्या प्रतिमा आहेत. गरिबाचे पांघरूण, वेदनेने भरलेला चेहरा पुसणारे फडके आणि कैद्याचा रुमाल हा संबंध पान्यो काढणाऱ्याला कुणी समजावून द्यावा लागत नाही. तो लहानपणापासून घराच्या भिंतीवर असतो.

तिसरी प्रतिमा सांतो निन्यो दे आतोचाची. हा बालयेशू यात्रेकरूच्या वेशात असतो. हातात काठी, पाण्याचा भोपळा आणि टोपली. कथा स्पेनची आहे. मुसलमानी अमलात आतोचा गावच्या कैद्यांना अन्न नेऊन द्यायची मुभा फक्त लहान मुलांना होती. ज्यांना मुलेबाळे नव्हती ते उपाशी राहत. तेव्हा एक अनोळखी मूल टोपली घेऊन येऊ लागले आणि कितीही जणांना वाढले तरी ती टोपली रिकामी होईना. सांता फेच्या उत्तरेला चिमायो गावात त्याचे देऊळ आहे आणि भाविक तिथे त्याला बाळाचे लहान जोडे वाहतात. रात्रभर लोकांच्या मदतीला धावून ते झिजतात, अशी समजूत आहे. तुरुंगाच्या दारातून आत जाऊ शकणारा हा एकच देव. कैद्यांना तो आपला वाटावा, यात नवल नाही.

त्याशिवाय न्यू मेक्सिकोत ‘सांतेरो’ या स्थानिक कारागिरांची परंपरा अठराव्या शतकापासून चालत आलेली. लाकडी फळीवर संतांची चित्रे (रेताब्लो) आणि लाकडात कोरलेल्या मूर्ती ते घडवत. दूरच्या खेड्यात पाद्री क्वचित यायचा; घरातला संत मात्र रोजचा असायचा, त्याच्याशी बोलता यायचे, रागावताही यायचे. पान्यो हा त्याच घरगुती संतांचा तुरुंगातला वारस आहे.

रुमाल काढतात कसा, आणि कोण

रुमाल आधी ताणून सपाट करावा लागतो, नाहीतर पेनाचे टोक विणीत अडकते. मग पेन्सिलीने अंधुक आराखडा आणि त्यावर बॉलपेनच्या हलक्या, जवळजवळ मारलेल्या असंख्य रेघा. शाई कापडात शिरली की खोडता येत नाही. रंगीत पेन्सिली मिळाल्या तर रंग. नसतील तर कॉफीचे पाणी, मेण, जे हाताशी असेल ते. कैद्यांच्या गोंदणातही एकाच सुईने काढलेली हीच बारीक, करड्या छटांची रेघ दिसते. ती शैली पुढे १९७० च्या दशकात पूर्व लॉस एंजेलिसच्या गोंदणाच्या दुकानांत आली आणि तिथून जगभर गेली. एकच नक्षी कधी कातडीवर, कधी रुमालावर.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रुमाल पाठवणारा आणि तो काढणारा हे पुष्कळदा दोन वेगळे कैदी असतात. ज्याचा हात चांगला त्याच्याकडे इतर लोक काम घेऊन येतात. बायकोचा फोटो देतात, मुलीचे नाव सांगतात, कोणता संत हवा ते सांगतात. मोबदला कॉफीत, टपाल तिकिटांत, खाण्याच्या वस्तूंत आणि पूर्वी सिगारेटींत. तुरुंगात चित्रकाराला मान असतो, थोडेफार संरक्षणही मिळते.

मग प्रश्न पडतो, की दुसऱ्याकडून पैसे मोजून काढून घेतलेल्या चित्रात पाठवणाऱ्याचे काय? कलेच्या समीक्षेला हा प्रश्न अडचणीचा वाटतो. पत्रव्यवहाराच्या इतिहासाला तो मुळीच अडचणीचा नाही. पोस्टाच्या ओट्यावर बसून दुसऱ्यांची पत्रे लिहून देणारा माणूस आपल्याकडे कित्येकांनी पाहिलेला आहे. मजकुराचा सांगाडा त्याचा, अक्षर त्याचे. तरीही गावी ते पत्र ऐकणाऱ्या आईला ते आपल्या मुलाचेच वाटे, आणि ते मुलाचेच असे. ‘तीर्थरूप’, ‘शिरसाष्टांग नमस्कार’, ‘इकडील सर्व क्षेम’ हे शब्द शेकडो पत्रांत सारखेच असत, म्हणून ते खोटे ठरत नसत.

पान्योंवरचा पुनरुक्तीचा आक्षेप याच नजरेने पाहावा, असे मला वाटते. तीच माता, तेच गुलाब, तोच पहाऱ्याचा मनोरा, तीच वाळूची घड्याळे, तेच कोळ्याचे जाळे. हसरा आणि रडका असे दोन मुखवटे शेजारी काढण्याची पद्धत तर इतकी रूढ, की त्याला ‘आज हस, रड नंतर’ असे नावच आहे. तुरुंगाच्या आवारात डोळ्यांत पाणी आणणे म्हणजे दुबळेपणाची कबुली, आणि दुबळ्या माणसाची तिथे धडगत नसते. म्हणून हसरा मुखवटा आवारात, रडका रुमालावर. मेक्सिकोचा चित्रकार हेसूस एल्गेरा याने कॅलेंडरांसाठी काढलेला, मृत प्रेयसीपाशी शोक करणारा आझ्टेक वीरही फार लोकप्रिय. ते कॅलेंडर या घरांच्या स्वयंपाकघरात टांगलेले असे. मुलांसाठी मात्र मिकी माउस आणि फुगे. वाढदिवसाला बाप येऊ शकत नाही, रुमाल येतो. ही ठरीव चित्रे म्हणजे मायने आहेत. फार शिकलेल्या नसलेल्या, भावना बोलून दाखवण्याची सवय नसलेल्या पुरुषांना ती ‘आई, मला क्षमा कर’ हे वाक्य उच्चारायची सोय करून देतात.

स्पॅनिशमध्ये ज्याच्यापाशी दुःख मोकळे करावे अशा माणसाला ‘पान्यो दे लाग्रिमास’, अश्रूंचे कापड, म्हणतात. हा वाक्प्रचार तुरुंगाहून कितीतरी जुना आहे. पान्यो पाठवणारा आपले दुःखही पाठवतो आणि ते पुसायचे कापडही.

मागणे आणि ओझे

या रुमालांकडे भाबडेपणाने पाहू नये. ते काढणारे सगळेच निरपराध नव्हते. काहींनी भयंकर गुन्हे केलेले होते आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांना कुणी रुमाल पाठवला नाही. काही रुमालांवर टोळ्यांच्या खुणा असतात, म्हणून तुरुंगाचे अधिकारी त्यांच्याकडे संशयाने पाहत आले आणि वेळोवेळी त्यांच्यावर बंधनेही आली.

रुमालांवरच्या स्त्रियांचाही विचार केला पाहिजे. त्या बहुधा तीनच रूपांत दिसतात: पवित्र माता, मोहक तरुणी, किंवा गालावर अश्रू घेऊन वाट पाहणारी. रोज पहाटे उठून कामाला जाणारी, मुलांना एकटीने वाढवणारी, वकिलाचे आणि फोनचे पैसे भरणारी बाई क्वचितच दिसते. ‘तू माझी आहेस, थांब’ हे प्रेम आहे, तशी ती अटही आहे. रुमाल मिळालेल्या बाईला त्यातले किती सुख आणि किती ओझे वाटले, हे रुमालावर लिहिलेले नसते. ते तिलाच विचारावे लागते.

ही वाट पाहणे किती लांबले, तेही पाहिले पाहिजे. १९८० मध्ये अमेरिकेच्या राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत मिळून सुमारे ३ लाख ३० हजार कैदी होते. २००९ मध्ये ते १६ लाखांवर गेले. अमली पदार्थांविरुद्धचे कायदे कडक झाले, शिक्षा लांबल्या. नवे तुरुंग पुष्कळदा दूरच्या, ओसाड भागात उभे राहिले. भेटीला जायचे तर दिवस मोडायचा. दूरध्वनीचे दर परवडत नसत. अशा वेळी तिकीट लावलेले पाकीट हाच घराचा रस्ता उरला.

सांता फेजवळच्या राज्य तुरुंगात २ आणि ३ फेब्रुवारी १९८० ला जे घडले ते न्यू मेक्सिकोत कुणी विसरलेले नाही. दाटी, निकृष्ट अन्न, चहाड्या करायला भाग पाडणारी व्यवस्था यांनी धुमसणारा तुरुंग कैद्यांनी ताब्यात घेतला. १२ पहारेकरी ओलीस धरले गेले. ३६ तासांत कैद्यांनीच ३३ कैद्यांना ठार केले, कित्येकांना हालहाल करून. बाहेर कुंपणापाशी नातेवाईक थंडीत आपल्या माणसाचे नाव कोणत्या यादीत येते याची वाट पाहत उभे होते. त्याआधीच, १९७७ मध्ये, तिथल्या कैद्यांनी तुरुंगातल्या परिस्थितीविरुद्ध न्यायालयात दावा लावला होता. दंगलीनंतर त्यावर तडजोडीचा हुकूमनामा झाला. त्यात अन्न, औषधोपचार, राहण्याची जागा यांच्याबरोबर भेटी आणि पत्रव्यवहार ही कलमेही होती. पत्र हे अन्नाच्या रांगेत बसवले गेले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

चौकटीतला रुमाल

१९८० नंतर पान्यो घराबाहेर पडू लागला. कॅलिफोर्नियात ‘टीन एंजल्स’ हे मासिक कैद्यांची चित्रे छापू लागले. १९९६ मध्ये इव्हांजेलीन ग्रिएगो यांचा पान्यो कलेवरचा माहितीपट आला. सांता फेच्या आंतरराष्ट्रीय लोककला संग्रहालयाने पान्यो जमवले आणि २०२४ मध्ये तुरुंगातील कलेवरच्या प्रदर्शनात ते मांडले. रेनो लेप्ला-तोर्ती या फ्रेंच कलावंताने मोठा संग्रह करून तो युरोपात दाखवला. आता पान्योला बाजारभावही आहे, आणि विक्रीसाठीच काढलेले पान्योही आहेत. कैद्याच्या हाती त्यातून चार पैसे पडत असतील तर त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही.

पण संग्रहालयाच्या भिंतीवर रुमाल सपाट, काचेमागे असतो. बारकाईने पाहिले तर घड्यांच्या रेषा दिसतात. त्या पाकिटाच्या मापाच्या असतात. शेजारच्या पाटीवर पुष्कळदा ‘अनामिक’ एवढेच लिहिलेले असते. खरे म्हणजे पान्योला तीन नावे असतात: काढणाऱ्याचे, पाठवणाऱ्याचे आणि जिला तो पोचला तिचे. पत्राचा पत्ता हरवला की पत्राचा अर्धा अर्थ जातो. पान्यो विकला गेला, तर तो का विकला गेला, हाही इतिहासच. आई वारली म्हणून? संसार मोडला म्हणून? पैशाची नड होती म्हणून?

हे विचारण्याची निकड आणखी एका कारणाने वाढली आहे. गेल्या काही वर्षांत अमेरिकी तुरुंगांत हातात धरता येणारे पत्रच नाहीसे होत आहे. पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये कैद्यांची टपाल दुसऱ्या राज्यातल्या एका कंपनीकडे वळवली. तिथे पत्रे स्कॅन होतात, कैद्याला नक्कल मिळते आणि मूळ पत्र नष्ट केले जाते. पान्योचा मुलूख असलेल्या टेक्सासने २०२० मध्ये बाहेरून येणारी शुभेच्छापत्रे आणि रंगीत, सजवलेले कागद बंद केले आणि २०२३ मध्ये पत्रे पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. कारण दिले जाते ते कागदात मुरवून आणल्या जाणाऱ्या अमली पदार्थांचे, आणि तो धोका सर्वस्वी काल्पनिक नाही. परंतु परिणाम असा झाला, की बापाने शाईने भरलेला रुमाल घरी पोचू शकतो, पण त्याच्या उत्तरादाखल मुलीने रंगीत खडूने काढलेले चित्र त्याच्या हाती पडत नाही. त्याची प्रतिमा पडते.

म्हणून पान्योंचा पुढचा अभ्यास संग्रहालयांच्या कोठारांपेक्षा घरांतून व्हायला हवा. आल्बुकर्की, एस्पान्योला, एल पासो या गावांत ज्यांच्या नावाने साठ-सत्तरच्या दशकांत असे रुमाल आले त्यांतल्या अनेक बायका आज वृद्ध आहेत. पेटीतला रुमाल त्या कुणाला दाखवतीलच असे नाही. तो त्यांचा हक्क आहे. पण ज्या दाखवतील त्यांना रुमालावरच्या चित्राचा अर्थ विचारण्याआधी तो कोणत्या दिवशी आला, कुणी आणला, त्यांनी तो उघडला तेव्हा घरात कोण होते आणि उत्तर पाठवले की नाही, हे विचारून लिहून ठेवले पाहिजे.